हिवाळ्यात जवळचं आणि हंगामातलंच खाता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: या हिवाळ्यात शक्यतो आपल्या परिसरात पिकलेलं आणि हंगामातलंच खायचं, असं तुम्ही घरात मिळून ठरवलंय. शंका तीन आहेत. तेच तेच खाऊन घरातले वैतागतील का, पोषणात काही कमी पडेल का, आणि एवढा खटाटोप करून पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो का. शिवाय, टोमॅटो नसताना रोजच्या स्वयंपाकाचं काय करायचं, हेही विचारलंय.

मी भाजीपाला पिकवतो आणि त्यातला बराच माल हिवाळ्यासाठी साठवून टप्प्याटप्प्याने विकतो. तेव्हा माझं उत्तर शेताच्या आणि गोदामाच्या बाजूने आलेलं आहे, आहारतज्ज्ञाच्या नव्हे.

जमतं. पण ज्यांना जमत नाही त्यांची सुरुवातच बहुधा चुकीच्या प्रश्नाने झालेली असते. 'आत्ता काय उगवतंय?' असं ते विचारतात. हिवाळ्यात या प्रश्नाचं उत्तर अनेक ठिकाणी 'फारसं काही नाही' असंच येतं, मग माणूस हिरमुसतो आणि दोन आठवड्यांत बेत सोडून देतो. विचारायचं ते असं: आत्ता काय चांगल्या अवस्थेत आहे, आणि त्यातलं आधी काय संपवायला हवं? उभ्या पिकातलं, साठ्यातलं आणि टिकवून ठेवलेलं असे तीनही प्रकार यात आले. हे तिन्ही हंगामीच. मातीखाली वाढलेलं आणि वेळेत काढून नीट ठेवलेलं गाजर चार महिन्यांनी खाल्लं म्हणून बिगरहंगामी ठरत नाही.

पहिल्यांदा तुमचा हिवाळा कोणता ते बघा. पारा शून्याखाली जात नाही अशा भागात हिवाळा हा भाज्यांचा सगळ्यात भरभराटीचा काळ असतो. पालेभाज्या, मटार, फुलकोबी, गाजर, मुळा, संत्री सगळं एकदम येतं. तिथे खायला काय मिळणार ही अडचणच नाही, आलेलं संपवायचं कसं ही आहे. कडक थंडीच्या भागाचं गणित वेगळं, आणि ते नुसत्या थंडीचं नाही. थंडीपेक्षा उजेड जास्त आडवा येतो. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, मग तुम्ही त्यांना काचेखाली ठेवा नाहीतर प्लास्टिकखाली. विषुववृत्ताकडून साधारण 32 अक्षांशापर्यंत वर्षातला सगळ्यात लहान दिवसही दहा तासांच्या आसपास किंवा जास्त असतो. त्याच्या पलीकडे काही आठवडे ते काही महिने हा अंधाराचा काळ असतोच. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बर्फाळ थंडीत, गरम न केलेल्या हरितगृहांतून वर्षभर भाजी काढून दाखवणाऱ्या एलियट कोलमन यांनी आपलं सगळं वेळापत्रक या दहा तासांभोवती बसवलं. पेरणी उन्हाळ्याच्या शेवटी करायची, म्हणजे अंधार सुरू होईपर्यंत पीक जवळजवळ तयार झालेलं असतं. पुढे ते वाढत नाही, नुसतं उभं राहतं, आणि लागेल तसं काढता येतं. हिवाळ्यातलं शेत म्हणजे असं उभं कोठार असतं.

या कोठारातला माल चवीला उन्हाळ्यापेक्षा चांगला असतो. हे विक्रेत्याचं बोलणं नाही, वनस्पतीचं रसायन आहे. थंडी वाढली की गाजर, कोबी, पालक, केल (कोबीवर्गातली पालेभाजी), सलगम अशी थंडी सोसणारी पिकं पेशींमध्ये साखर वाढवतात, काही साठलेल्या पिष्टापासून तर काही पानांत तयार होणाऱ्या साखरेतून. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या थोडं खाली गोठतं, त्यामुळे पेशी फुटण्यापासून वाचतात. झाड स्वतःचा जीव वाचवतं आणि आपल्याला गोड गाजर मिळतं. ज्या मुलांना पालक कडू लागतो, त्यांना थंडीच्या चार-सहा रात्री बघितलेला पालक एकदा देऊन बघा. तोडणीबाबत एक पथ्य: पानं गोठून कडक झाली असतील तर हात लावायचा नाही. ऊन येऊन ती पुन्हा मऊ होईपर्यंत थांबायचं, नाहीतर ती घरी येईपर्यंत काळी पडून लिबलिबीत होतात.

पालेभाज्यांबद्दल आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. कमी उजेडात वाढलेल्या पानांत नायट्रेट जास्त साठतं, कारण मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचं प्रथिनात रूपांतर करायला प्रकाशातून मिळणारी ऊर्जा लागते. युरोपीय संघाच्या नियमांत आच्छादनाखाली वाढवलेल्या लेट्यूससाठी नायट्रेटची कमाल मर्यादा उन्हाळ्यात किलोला 4000 मिलिग्रॅम आहे आणि हिवाळ्यात 5000, ती याच वस्तुस्थितीमुळे. मोठ्या माणसांनी घाबरण्याचं कारण नाही. पण घरचा वाफा असेल तर पहाटेऐवजी दुपारनंतर तोडणी करा, तोवर झाडाने दिवसाच्या उजेडात बरंचसं नायट्रेट वापरलेलं असतं. तान्ह्या बाळांना मात्र ते बाधू शकतं, म्हणून त्यांच्यासाठी पालकाची पेज करून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

आता साठवण. यावर सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्यातला आहार इथेच जमतो किंवा फसतो.

लोक सगळ्या टिकाऊ भाज्या एकाच टोपलीत ठेवतात आणि मग त्या टिकल्या नाहीत म्हणून पिकवणाऱ्याला नावं ठेवतात. खरं तर त्यांना चार वेगवेगळ्या जागा लागतात. गाजर, बीट, मुळा, सलगम, नवलकोल आणि कोबी यांना थंड आणि दमट जागा हवी: शून्य ते दोन-तीन अंश तापमान आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. अशा जागेत गाजर चार-सहा महिने सहज राहतं, उशिरा येणाऱ्या जातीचा घट्ट कोबी तीन-चार महिने. कांदा-लसणाला याच्या उलट कोरडेपणा लागतो. आर्द्रता 65-70 टक्क्यांवर गेली की त्याला मुळं फुटायला लागतात. कांद्याची आणखी एक खोड आहे. तो शून्याजवळ टिकतो, किंवा मग 25 ते 30 अंशांच्या कोरड्या उबेत टिकतो, पण मधल्या गारव्यात लवकर कोंब काढतो. म्हणून गरम प्रदेशात हवेशीर चाळीत कांदा राहतो आणि थंड प्रदेशात गारठलेल्या कोठीत राहतो, पण स्वयंपाकघराच्या गारव्यात महिन्याभरात त्याला हिरवं फुटतं.

तिसरी जागा लाल भोपळा आणि रताळ्याची. त्यांना गारठा सोसत नाही. भोपळ्याला 10 ते 13 अंश आणि कोरडी हवा लागते, रताळ्याला 13 ते 15 अंश आणि थोडी जास्त आर्द्रता. ही दोन्ही फ्रिजमध्ये ठेवू नका. रताळं आतून टणक पडतं, शिजवलं तरी मधे कडक राहतं, आणि भोपळ्याला पाणी सुटतं. काढणीनंतर दोघांनाही काही दिवस ऊब द्यावी लागते. भोपळ्याची साल नखाने खरवडली जाणार नाही इतकी कडक व्हायला हवी, आणि रताळ्यावरचे कुदळीचे घाव दमट उबेत भरून यायला हवेत. हे पिकवणाऱ्याचं काम आहे, पण तुम्ही विकत घेताना तपासू शकता. भोपळ्याला देठ असलाच पाहिजे. देठ तुटला की तिथून कूज शिरते. उचलताना देठाला धरून उचलणाऱ्याकडून मी तरी भोपळा घेणार नाही.

चौथी जागा बटाट्याची. पूर्ण अंधार, हवा खेळती, आणि सात ते दहा अंश. उजेडात तो हिरवा होतो, आणि त्या हिरवेपणाबरोबर सोलॅनिनसारखी कडू, विषारी द्रव्यंही वाढतात. थोडासा हिरवा भाग खोल कापून टाका, जास्त असेल तर बटाटा फेकून द्या. फार गारठ्यात, सहा अंशांच्या खाली, बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते. गाजरात हवीशी वाटणारी गोडी इथे घातक ठरते. असा बटाटा तळला की पटकन काळपट होतो आणि त्यात ॲक्रिलामाइड जास्त तयार होतं. तळलेल्या, भाजलेल्या पदार्थांत हे रसायन बनतं हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. उकडायच्या बटाट्याला याची बाधा नाही. तळायचा किंवा खरपूस भाजायचा असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवू नका.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, तळघर कुठून आणू? फ्रिजचा खालचा खण ही तुमची थंड-दमट जागा. गाजर, बीट, मुळ्याचा पाला आणल्याबरोबर कापून वेगळा करा, कारण पाला कंदातलं पाणी ओढून घेतो. पाला लगेच शिजवा, तो फुकटची भाजी आहे. कंद न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत खणात ठेवा. अशी गाजरं कित्येक आठवडे कुरकुरीत राहतात. गॅलरी किंवा जिना थंड असेल तर खोक्यात ओलसर वाळूचा थर, त्यावर गाजरांचा थर, पुन्हा वाळू अशी रचनाही चालते. भोपळा घरातच, फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. सफरचंदं मात्र या सगळ्यांपासून लांब. त्यातून इथिलीन वायू निघतो. त्याने कोबीची पानं पिवळी पडून गळतात आणि गाजर कडू होतं. गाजर कडू लागलं की लोक बियाण्याला दोष देतात. शेजारी सफरचंदाची पेटी होती का, हे आधी बघा.

साठा केला की तो कोणत्या क्रमाने संपवायचा हेही ठरवावं लागतं. दिसायला चांगलं ते राखून ठेवायची आपली सवय असते. ती सोडा. दर आठवड्याला एकदा सगळा साठा हाताखालून घाला, आणि ज्याला डाग, सुरकुती, मऊपणा आला असेल ते त्याच दिवशी पातेल्यात जाऊ द्या. एक कुजका कांदा सबंध पोतं नासवतो. ढोबळ क्रम असा धरा. हिवाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पालेभाजी, फुलकोबी, पानांसकट आलेले मुळे, कापणी किंवा वाहतुकीत मार लागलेलं सगळं, आणि ज्याची साल कडक नाही असे भोपळे. मधल्या काळात कोबी, नवलकोल, रताळी, चांगला वाळलेला भोपळा, आणि शेतात उभी असलेली थंडी सोसणारी पानं. शेवटच्या टप्प्यासाठी गाजर, बीट, बटाटा, कांदा, कडधान्य आणि बरणीतलं. भोपळा आणि कांदा दोन्ही वर्षभर टिकतात अशी काहींची समजूत असते. भोपळ्याच्या बहुतेक जाती दोन-तीन महिन्यांनंतर तंतुमय आणि फिक्या होतात. दिसायला तो तसाच राहतो, म्हणून फसायला होतं.

या यादीत कडधान्याला मी सहज ओळीत टाकलं, पण हिवाळ्याच्या स्थानिक जेवणाचा कणा तेच आहे. भाज्यांची एवढी चर्चा होते आणि प्रथिनं कुठून येणार यावर कुणी बोलत नाही. वाळवलेली कडधान्यं हे जगातलं सगळ्यात सोपं हंगामी अन्न आहे: फ्रिज नको, वीज नको. मात्र ती उबदार, दमट जागी पडून राहिली की कितीही भिजवली तरी शिजेनाशी होतात. तेव्हा गेल्या हंगामातलीच घ्या, आणि विक्रेत्याला कापणीचं वर्ष विचारायला लाजू नका. राजमा शिजवताना निदान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. मंद आचेवर नुसता भिजलेला-शिजलेला राजमा पोटाला सोसत नाही, त्यातलं लेक्टिन हे बाधणारं प्रथिन नष्ट होत नाही.

कडधान्यातून पोषणाच्या शंकेकडे येतो. हिवाळ्यात क जीवनसत्त्व कमी पडेल ही भीती सगळ्यांनाच वाटते, आणि इतिहासात ती खरीही ठरलेली आहे. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने 1747 मध्ये सॅलिसबरी जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झालेल्या 12 खलाशांना दोन-दोनच्या जोड्यांत वेगवेगळं काही दिलं, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत आधी बरी झाली. पुढे त्यानेच लिंबूरस आटवून टिकवायची कृती सुचवली, आणि आटवताना त्यातलं बरंचसं क जीवनसत्त्व उडून गेलं. तुमच्यासाठी या कथेतला दुसरा भाग जास्त कामाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला 45 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण 36 मिलिग्रॅम असतं, फुलकोबीत त्याहून जास्त, नवलकोलात 60 च्या आसपास, केलमध्ये आणखी जास्त. म्हणजे वाटीभर कच्चा कोबी आणि एक बटाटा एवढ्यावर दिवसाची गरज भागू शकते. मात्र तोच कोबी भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर निम्म्याच्या आसपास जीवनसत्त्व मोरीत गेलं. म्हणून रोजच्या जेवणात काहीतरी कच्चं ठेवा: किसलेला नवलकोल, बारीक चिरलेला कोबी, मुळा. बाकीचं वाफेवर किंवा अंगच्या पाण्यात शिजवा.

अ जीवनसत्त्वाची काळजीच नको. गाजर, लाल भोपळा, केशरी रताळं यांतलं बीटा कॅरोटीन साठवणीत चांगलं टिकतं. फक्त ते अंगी लागायला सोबत थोडं तेल किंवा तूप लागतं, कोरडं उकडलेलं गाजर अर्धवट वाया जातं. ड जीवनसत्त्वाबाबत मात्र भ्रमात राहू नका. उच्च अक्षांशांवर हिवाळ्याचं ऊन इतकं तिरपं येतं की त्वचेत ते बनत नाही, आणि कोणतीही स्थानिक भाजी ही तूट भरून काढत नाही. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनी दिवसाला 10 मायक्रोग्रॅमची पूरक मात्रा घ्यायचा विचार करावा असा सरकारी सल्ला आहे. तुमच्याकडे काय लागू आहे ते डॉक्टरांना विचारा. आणखी एक इशारा, घरात कुणी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असेल तर. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. पानं बंद करायची नाहीत, पण आठवडाभर शून्य आणि मग एकदम रोज केल असंही करायचं नाही. प्रमाण सारखं ठेवायचं, आणि आहार बदलतोय हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मोड आलेली कडधान्यं ही हिवाळ्यातली घरची ताजी भाजी. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड येताना तयार होतं. पण मोड येण्याची दमट ऊब जंतूंनाही तेवढीच मानवते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, 50 हून अधिक माणसं दगावली, आणि तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. गर्भवती, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना मोड वाफवूनच द्या.

आता टिकवलेल्या अन्नाबद्दल, आणि त्यातच टोमॅटो. हिवाळ्यात लांबून आलेला ताजा टोमॅटो बहुधा कच्चा तोडलेला आणि गार डब्यातून आलेला असतो, आणि साधारण 10-12 अंशांच्या खाली राहिला की त्याची चव जातेच. त्याच्या मागे लागू नका. स्वयंपाकाला टोमॅटोची आंबट-गोड चव हवी असते, त्याचं ताजेपण नाही. हंगामात शेताजवळच्या कारखान्यात डबाबंद झालेला टोमॅटो, वाळवलेला टोमॅटो, किंवा तुम्ही स्वतः अख्खे फ्रीझरमध्ये टाकलेले टोमॅटो यांनी काम भागतं. अख्खे टोमॅटो गोठवायला काहीही करावं लागत नाही: धुवा, पुसा, पिशवीत भरा. काढल्यावर कोमट पाण्यात धरले की साल आपोआप सुटते. मटार, पालक वगैरे मात्र गोठवण्याआधी एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार करावे लागतात, नाहीतर त्यांतली विकरं चालूच राहतात आणि चव-रंग बिघडतो. चार दिवस दुकानात पडून राहिलेल्या पालकापेक्षा असा गोठवलेला पालक क जीवनसत्त्वाच्या बाबतीत बहुतेकदा सरस असतो. गोठवलेलं म्हणजे कमी दर्जाचं, हा समज सोडून द्या.

आंबवण्यासाठी कोबीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ पुरतं, म्हणजे किलोला 20-25 ग्रॅम. बारीक चिरून, मीठ लावून, चुरगळून त्याचंच पाणी सुटू द्यायचं आणि सगळा कोबी त्या पाण्याखाली दाबून ठेवायचा. 18 ते 22 अंशांवर तीन-चार आठवड्यांत तो छान आंबतो. वर रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर चाखून न बघता टाकून द्या. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं, आणि अशा कोबीच्या 100 ग्रॅममधून त्यातले दोन ग्रॅम सहज जातात.

एका बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. शेंगा, गाजर, बीट, मका अशा आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या उकळत्या पाण्यात धरून बाटलीबंद करू नका. बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत, आणि आम्लता कमी असलेल्या बंद बाटलीत त्यांना हवं तसं वातावरण मिळतं. त्यासाठी दाबाखाली 116 ते 121 अंश तापमान लागतं, आणि ते तपासलेल्या कृतीने, योग्य उपकरणातच करायचं. आंबटपणाचं माप म्हणजे पीएच, आणि पीएच 4.6 ही सीमा: त्याच्या वर धोका. टोमॅटो नेमका तिच्यावर बसतो, म्हणून घरी बाटलीबंद करताना त्यात मोजून लिंबूरस घालावा लागतो. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं हाही तोच धोका.

पर्यावरणाचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले ख्रिस्तोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांनी 2008 मध्ये तिथल्या घरगुती अन्नाचा हिशोब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सगळी वाहतूक मिळून 11 टक्के, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतचा शेवटचा प्रवास फक्त चार टक्के. 83 टक्के पिकवण्यातच. आठवड्यातून एका दिवसाहूनही कमी जेवणाच्या उष्मांकांपुरतं लाल मांस आणि दूधदुभतं सोडून कोंबडी, मासे, अंडी किंवा भाज्यांकडे वळलं तर सगळं अन्न स्थानिक घेण्यापेक्षा जास्त बचत होते, हा त्यांचा निष्कर्ष. आणि स्थानिक असूनही हंगामी नसेल तर उलटंच होतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यासाठी 2005 मध्ये झालेल्या अभ्यासात, स्पेनमध्ये उन्हात पिकून ट्रकने आलेले टोमॅटो ब्रिटनमधल्या गरम केलेल्या काचघरातल्या टोमॅटोंपेक्षा कमी कार्बन सोडणारे ठरले.

म्हणून 'जवळचं' आणि 'हंगामातलं' या दोन अटींत ओढाताण झाली, तर मी दुसरीच्या बाजूने उभा राहीन. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही स्त्रियांनी 100 मैलांच्या आतलंच खायचं असं आव्हान लोकांपुढे ठेवलं आणि ती कल्पना जगभर गेली. अंतराची अशी रेघ सुरुवातीला उपयोगी पडते, कारण विक्रेत्याशी बोलणं भाग पडतं. पण रेघेच्या आत गरम पाण्याच्या नळ्या घातलेलं काचघर असेल तर रेघेचा काय उपयोग? त्यापेक्षा एक सोपी कसोटी वापरा. दुसऱ्या खंडातून आलंय आणि चार-पाच दिवसांत खराब होण्यासारखं आहे, तर ते विमानाने आलंय. ते टाळा, कारण विमानाची वाहतूक जहाजापेक्षा कित्येक पटींनी जड पडते. जहाजाने आलेलं टिकाऊ फळ, धान्य किंवा मसाला यावर झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

मग जवळचं कशाला, असं विचाराल. माझ्या मते त्याची कारणं दुसरी आहेत: ताजेपणा, जातींची विविधता, पैसा पिकवणाऱ्याच्या हातात पडणं, आणि विचारायची सोय. हे कधी काढलं, कुठे ठेवलं होतं, कोणती जात, अजून किती दिवस राहील? या चार प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून घ्या. ज्याला 'कोणती जात' ठाऊक नाही, तो स्वतः पिकवत नसतो. आणि 'अजून किती दिवस राहील'चं उत्तर 'पाहिजे तेवढे' असं आलं तर पुढच्या गाड्यावर जा.

कंटाळ्याचं काय? भाज्यांची संख्या कमी असते म्हणून कंटाळा येत नाही, एकच पद्धत धरून बसल्याने येतो. एकच कोबी बारीक चिरून कच्चा, मोठे तुकडे करून कडक तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजलेला, मंद आचेवर कांद्याबरोबर तासभर गोड होऊ दिलेला, आणि आंबवलेला, असे चार वेगवेगळे पदार्थ होतात. कंदांना जास्त आच द्या. बीट उकडण्यापेक्षा सालीसकट भाजा, मातकट वास बराच कमी होतो. आणि आंबट, तिखट, कुरकुरीत यांपैकी काहीतरी ताटात असू द्या, कारण हिवाळ्यातल्या भाज्या मुळात गोड आणि मऊ असतात. नुसत्या गोडव्याने तोंड विटतं.

घरातले खाणार नाहीत अशी शंका असेल तर कॅप्टन कुक या ब्रिटिश दर्यावर्दीची युक्ती वापरा. 1768 च्या प्रवासात एन्डेव्हर जहाजावर त्याने आंबवलेला कोबी भरून नेला होता, आणि खलाशी त्याला हात लावेनात. त्याने सक्ती केली नाही. रोज तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला, खलाशांना हवा तर घ्या म्हणून सांगितलं. आठवडाभरात मागणी इतकी वाढली की माणशी वाटप ठरवावं लागलं, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं आहे.

कडक हिवाळ्याच्या भागात सगळ्यात अवघड काळ थंडी संपतानाचा असतो, ऐन थंडीचा नाही. साठ्यातलं संपत आलेलं, बटाट्याला कोंब फुटलेले, गाजराला बारीक पांढरी मुळं आलेली, आणि नवीन पेरलेलं अजून बोटभरही नाही. हे पाच-सहा आठवडे आधीच हिशोबात धरा. शेतात थंडी काढलेली केल आणि कोबीवर्गातली झाडं या वेळी फुलावर येतात. त्यांचे कळ्यांसकट कोवळे दांडे खुडून आणा, बऱ्याच ठिकाणी ते विकायलाही येत नाहीत, मागावे लागतात. मुळं फुटलेलं गाजर खरवडून शिजवायला उत्तम, कच्चं मात्र बेचव. मोड या काळात वाढवा, फ्रीझर रिकामा करा. तरीही कमी पडलंच तर उबदार भागातून ट्रकने किंवा रेल्वेने आलेली फुलकोबी आणि संत्री सरळ विकत घ्या. तिकडे त्यांचा हंगाम चालूच असतो.